शिवडीचे फंडाचे कागद

प्रस्तुत लेखाचें नांव वाचून कांहीं वाचकांस आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. शिवडी म्हटली कीं इंग्रजांनीं १६८० सालीं बांधलेला तेथील किल्ला आठवावा, किंवा १६८९ सालीं सिद्दी याकूतखानाचें सैन्य मुंबई बेटावर उतरलें तें शिवडीसच, ही गोष्ट आठवावी, हें इतिहासाच्या अभ्यासकास स्वाभाविक आहे. आम्हांस ज्या कागदांविषयीं लिहावयाचें आहे ते मोडी नाहींत, त्यांवर मोर्तब नाहीं, आणि त्यांचें वय सत्तर वर्षांच्या फारसें पलीकडे जात नाहीं. ते एका गिरणीकामगाराच्या प्रॉव्हिडंट फंडाचे कागद आहेत. परंतु कागद जुना कीं नवा यापेक्षां तो कोणत्या व्यवहाराचा साक्षी आहे हें पाहणें हाच आपल्या संशोधनाचा मार्ग आहे, आणि त्या दृष्टीनें हे कागद उपेक्षणीय नाहींत असें आमचें मत झालें आहे.

(१) कागद कसे मिळाले

आम्ही अनेक वर्षें गिरणगांवांतील मुलांस संस्कृत शिकविलें. त्यांपैकीं एक विद्यार्थी, जो आतां स्वतः निवृत्तीच्या वयास आला आहे, गेल्या वर्षीं एक कापडी पिशवी घेऊन आमच्याकडे आला. त्याचें बालपण शिवडीच्या बी. डी. डी. चाळींत गेलें. वडील गिरणींत साच्यावर होते. आई वारल्यावर खोलीची आवराआवर करतांना फळीवर ही पिशवी सांपडली. रद्दीवाला दाराशीं उभा होता. परंतु आईनें ती पिशवी तीस-पस्तीस वर्षें हलूं दिली नव्हती हें आठवून मुलानें ती बाजूस ठेविली व "सर, यांत जपण्यासारखें कांहीं आहे का, तें पाहा," असें म्हणून आमच्या हवालीं केली.

पिशवींत तीन प्रकारचे कागद निघाले. पहिला प्रकार फंडाच्या वार्षिक चिठ्ठ्यांचा. दुसरा पगाराच्या पावत्यांचा. ह्या अरुंद पट्ट्या असून दोऱ्यांत ओवून वर्षवार बांधिलेल्या आहेत. तिसरा प्रकार अर्जांचा: वारसाचें नांव नोंदविण्याचा नमुना, मुलीच्या लग्नासाठीं फंडांतून उचल मागितल्याचा अर्ज, आणि वडिलांच्या मृत्यूनंतर आईनें केलेली मागणी.

चिठ्ठ्या व पट्ट्या वर्षवार लावून पाहतां एक गोष्ट ध्यानांत आली. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अकरा महिने असे आहेत कीं, पगाराच्या पट्टीवर "फंड" या सदराखालीं रक्कम कापलेली आहे, परंतु त्या वर्षाच्या फंडाच्या चिठ्ठींत ती जमा नाहीं. गिरणी गिरणगांवांतील होती, एवढेंच सांगून तिचें नांव आम्ही देत नाहीं. ज्यांची ही कथा त्यांपैकीं कोणी आज हयात नाहीं. परंतु एका हातानें घेतलेले पैसे दुसऱ्या हातीं पोंचले नाहींत, तर ते त्या काळांत कोणाचे होते, हा प्रश्न त्या अकरा पट्ट्यांनीं आमच्यापुढें उभा केला, व त्याचें उत्तर शोधतां शोधतां प्रस्तुत लेख सिद्ध झाला.

(२) अनुग्रह कीं निक्षेप

म्हातारपणीं सेवकाच्या हातीं जें येतें त्याचें स्वरूप दोन प्रकारचें असूं शकतें. धन्यानें प्रसन्न होऊन दिलें तर तो अनुग्रह. सेवकाच्याच मिळकतीचा भाग धन्यानें राखून ठेवून तो पुढें परत केला तर तो निक्षेप, म्हणजे ठेव. अनुग्रह न दिल्यास देणाऱ्याची अपकीर्ति होते. ठेव न दिल्यास अपराध होतो. या दोहोंतील भेद ध्यानांत ठेविल्यावांचून फंडाचा इतिहास कळावयाचा नाहीं.

आमच्या प्राचीन ग्रंथांत दोन्ही प्रकार आढळतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, कामावर असतां मृत झालेल्या सेवकांच्या बायकामुलांस अन्न व वेतन मिळावें असा नियम आहे. हा राजाच्या भरणधर्माचा भाग होय. शुक्रनीतींत याहून पुष्कळ पुढची व्यवस्था सांगितली आहे. चाळीस वर्षें सेवा केलेल्यास सेवेवांचून अर्धें वेतन द्यावें. आणि वेतनाचा सहावा किंवा चौथा अंश राखून ठेवून दोन-तीन वर्षांनीं त्याचा अर्धा भाग किंवा तो सगळा सेवकास द्यावा, असें तींत आहे. हा दुसरा नियम म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाचें बीजच होय, असें अनेक लेखकांनीं अभिमानानें म्हटलें आहे.

येथें आम्हांस सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. शुक्रनीतीचा काळ निर्विवाद नाहीं. गुस्ताव ऑपर्ट यांनीं १८८२ सालीं मद्रासेस ती छापून प्रसिद्ध केली तेव्हांपासून तींतील बंदुका व दारू यांच्या वर्णनाविषयीं शंका घेतल्या गेल्या, आणि लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ सालच्या आपल्या निबंधांत तो ग्रंथ एकोणिसाव्या शतकांतला असल्याचें प्रतिपादन केलें. तें खरें धरल्यास, ग्रंथकारानें कंपनी सरकारच्या पेन्शनी डोळ्यांनीं पाहून ते श्लोक रचले असण्याचा संभव उरतो. प्राचीनतेच्या मोहानें संशयित दस्तऐवज पुराव्यांत दाखल करणें आपल्या मंडळींस शोभणार नाहीं. सबब शुक्रनीतीचें वचन आम्ही बाजूस ठेवितों.

त्याची गरजही नाहीं, कारण खरा आधार स्मृतींच्या व्यवहारकाण्डांत आहे. मनूच्या अठरा व्यवहारपदांत निक्षेप हें दुसरें व वेतन न देणें हें सहावें. ठेव परत न करणारा, आणि न ठेवितांच मागणारा, या दोघांसही मनु चोराप्रमाणें दंड्य मानितो. ठेव चोरानें नेली, पाण्यानें वाहून नेली किंवा अग्नीनें जाळली, तर ती भरून देण्याचा बोजा ठेव राखणाऱ्यावर पडत नाहीं. मात्र त्यानें तींतून स्वतः कांहीं घेतलें नसावें. हे नियम जितके सूक्ष्म तितके न्याय्य आहेत. परंतु त्या सर्वांच्या मुळाशीं एक गृहीत गोष्ट आहे. ठेव कोणाकडे ठेवावी हें मनु आधीं सांगतो: कुलीन, सदाचारी, धर्मज्ञ, सत्यवादी, आप्तांनीं युक्त व धनवान् अशा मनुष्याकडे. म्हणजे ठेविणाऱ्यास निवड करण्याचें स्वातंत्र्य आहे, आणि तें स्वातंत्र्य हेंच त्याचें पहिलें संरक्षण आहे.

गिरणीकामगारास हें स्वातंत्र्य नव्हतें. त्याच्या पगारांतून पैसा कापला जातो तो त्याच्या हातीं येण्यापूर्वींच. आणि तो राखणारा कोण, हें मालकानें किंवा कायद्यानें ठरविलेलें असतें. ज्यास निवड नाहीं त्यास तपासणी हवी. फंडासंबंधींचे सर्व नियम, नमुने, मुदती, दंड व हिशेबतपासण्या यांचें मूळ आमच्या मतें या एका गोष्टींत आहे.

(३) मराठी राज्यांतील दाखले

पेशवाईच्या दप्तरांत बालपरवेशीच्या नोंदी वाचकांच्या परिचयाच्या आहेत. लढाईंत कामास आलेल्या शिपायाच्या अज्ञान मुलास चालविलेली ही नेमणूक अनुग्रहाच्या जातीची होती. सरकार ती चालवी, कारण तसें चालविणें राजधर्मास धरून होतें. मृताची कांहीं रक्कम सरकारांत जमा होती म्हणून नव्हे.

अनुग्रहाचा शेवट कसा होतो याचा दाखला देण्यास खुद्द शेवटच्या पेशव्याहून दूर जावयास नको. १८१८ सालीं दुसऱ्या बाजीरावास सालीना आठ लक्ष रुपयांचें पेन्शन ठरलें व तो ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. १८५१ च्या जानेवारींत तो वारला, तेव्हां तें पेन्शन व्यक्तिशः होतें, वंशपरंपरेचें नव्हे, असें म्हणून कंपनी सरकारनें दत्तकपुत्र नानासाहेबास तें नाकारलें. त्या नकारापुढें कोणतें दप्तर मांडणार? अनुग्रहास खातें नसतें.

परंतु तपासणीची जी दुसरी बाजू, तिचा दाखला मात्र मराठी राज्यांत चांगला सांपडतो. मामलेदार किंवा सुभेदार जिल्ह्याचा मुख्य. तरी त्याच्या कचेरींतील मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, चिटणीस हे दरकदार हुजुरांतून नेमलेले, बहुधा वंशपरंपरेचे असत, व त्यांस काढून टाकण्याचा अधिकार त्यास नसे. हिशेबांवर त्यांच्या खुणा लागत. ज्याच्या हातीं पैसा त्याच्या हातीं लेखणी राहूं द्यावयाची नाहीं, ही त्या रचनेची खरी खुबी होती. हेंच तत्त्व दोनशें वर्षांनीं कामगारांच्या फंडांत पुन्हा दिसतें, तें पुढें येईल.

(४) मुंबईंतील कायदे, १९५२ पर्यंत

इंग्रजी अमदानींत फंडाची कल्पना प्रथम सरकारी व रेल्वेच्या नोकरांत रुजली. १८८२ च्या ट्रस्ट कायद्यानें विश्वस्ताचीं कर्तव्यें लेखनिविष्ट केलीं. १८९७ च्या व त्याची जागा घेणाऱ्या १९२५ च्या प्रॉव्हिडंट फंड्स ॲक्टानें एक मोठें काम केलें: सक्तीनें जमा झालेल्या ठेवीवर सावकारास जप्ती आणतां येऊं नये असें ठरविलें. १९२९ सालीं इन्कमटॅक्सच्या कायद्यांत खाजगी मालकांच्या फंडांस मान्यता देण्याची तरतूद झाली. मान्यता हवी तर रक्कम विश्वस्तांच्या नांवें अलग झाली पाहिजे, आणि तो ट्रस्ट सर्व हितसंबंधीयांच्या संमतीवांचून मालकास रद्द करतां येणार नाहीं, अशा अटी होत्या. करांतील सवलतीच्या मोबदल्यांत मालकाची मुठी सैल करण्याचा हा मार्ग होता.

परंतु हे फंड असणें न असणें मालकाच्या मर्जीवर होतें. नागपुरास जमशेटजी टाटांच्या एंप्रेस मिलमध्यें १८८६ सालीं पेन्शन फंड निघाला. जमशेदपुरच्या पोलाद-कारखान्यांत १९२० सालीं प्रॉव्हिडंट फंड सुरू झाला. हीं उदाहरणें भूषणास्पद खरीं, पण तीं अपवादात्मक होतीं. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनचा अहवाल १९३१ सालीं प्रसिद्ध झाला, ना. म. जोशी त्या कमिशनचे सभासद होते. पुढें १९३७ सालीं मुंबई सरकारनें कापडधंद्यांतील कामगारांच्या चौकशीसाठीं समिति नेमली व तिचा अखेरचा अहवाल १९४० सालीं निघाला. चौकशा झाल्या, पण सक्ती झाली नाहीं. सामान्य साचेवाला म्हातारा झाला म्हणजे त्यानें कोंकणांतील आपल्या गांवीं जावें, व मुलगा बदलीवर लागला तर त्याच्या मनिऑर्डरीची वाट पाहावी, हीच रीत राहिली.

शिवडी ही या सर्व प्रकारांस एकत्र पाहण्याची जागा होती. पूर्वेस पोर्ट ट्रस्टची जमीन, गोद्या व त्या संस्थेची १९१५ पासूनची रेल्वे. जवळच कापसाच्या वखारी. पश्चिमेस परळ-लालबागकडे गिरण्या. आणि १९३४ सालीं सुरू झालेला लिव्हर ब्रदर्सचा साबणाचा कारखाना. कोणाचा धनी कायद्यानें स्थापिलेली संस्था, कोणाचा गिरणीमालक, तर कोणाचा विलायती कंपनी. चाळ एक, नळ एक, पण म्हातारपणाची तरतूद ज्याच्या त्याच्या धन्याप्रमाणें निराळी.

ही विषमता कमी करणारा कायदा स्वातंत्र्यानंतर आला. १९४८ सालीं कोळशाच्या खाणींतील कामगारांसाठीं सक्तीचा फंड निघाला. मग १५ नोव्हेंबर १९५१ रोजीं वटहुकूम व १९५२ सालीं एम्प्लॉईज प्रॉव्हिडंट फंड्स ॲक्ट झाला, आणि त्याखालील योजना १ नोव्हेंबर १९५२ पासून पूर्णपणें अमलांत आली. प्रथम सहा धंदे घेतले होते: सिमेंट, सिगारेट, एंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. पन्नास किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांस तो लागू होता. १९६० च्या अखेरीस ही मर्यादा वीसावर आली. कापडधंदा पहिल्या सहांत असल्यामुळें गिरणगांव पहिल्या दिवसापासून त्या कायद्याखालीं आलें.

वर्गणीचा दर होता सव्वासहा टक्के. हा विचित्र आंकडा कोठून आला असें आजचा तरुण विचारील. पण ज्यानें आण्यांचे पाढे म्हटले आहेत त्यास तो सहज उलगडतो. सव्वासहा टक्के म्हणजे रुपयामागें एक आणा. कामगाराचा एक आणा, मालकाचा एक आणा. त्याच गिरणगांवांत दरमहा रुपयामागें एक आणा व्याज घेणारे सावकारही होते. तोच आणा सावकाराकडे गेला तर संसार बुडवी. फंडांत पडला तर संसारास आधार होई. आणि या कायद्याच्या दहाव्या कलमानें फंडांतील आण्यास सावकाराची जप्ती लागूं दिली नाहीं.

(५) नियम व तपासणी

या कायद्याची रचना पाहतां निक्षेपधर्माचीं सर्व अंगें तींत दिसतात. मालकाची वर्गणी कामगाराच्या पगारांतून वसूल करतां येणार नाहीं. महिना संपल्यावर पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत दोन्ही वर्गण्या भरल्या पाहिजेत. सरकार, मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींचें मध्यवर्ती विश्वस्त मंडळ राहील. इन्स्पेक्टरास कारखान्यांत जाऊन हजेरीपट, पगारपत्रक व हिशेबाच्या वह्या पाहतां येतील. कोण किती देणें लागतो असा प्रश्न पडल्यास कलम ७-अ प्रमाणें अधिकारी चौकशी करील, साक्षीदार बोलावील व कागद मागवील. भरणा उशिरा झाल्यास कलम १४-ब प्रमाणें भरपाई बसेल. मालकाचें दिवाळें निघालें तर अकराव्या कलमानें फंडाचें देणें इतर कर्जांच्या आधीं येईल.

कांहीं मोठ्या कारखान्यांस सतराव्या कलमाखालीं सूट मिळे. म्हणजे फंड सरकारी मंडळाकडे न पाठवितां कारखान्याच्याच ट्रस्टनें संभाळावयाचा. येथें मालक हाच ठेव राखणाऱ्याच्या अगदीं निकट येतो, म्हणून अटी अधिक कडक होत्या. ट्रस्टच्या मंडळावर मालकाचे जितके, तितकेच कामगारांचे प्रतिनिधि; व्याज सरकारी फंडाच्या दरापेक्षां कमी नसावें; कारभाराचा खर्च मालकानें सोसावा; पैसा ठरवून दिलेल्या रोख्यांतच गुंतवावा; हिशेबांची दर वर्षीं चार्टर्ड अकौंटंटाकडून तपासणी व्हावी; आणि ट्रस्टास तोटा आला तर तो मालकानें भरून द्यावा. ही शेवटची अट मनूच्याही पुढें गेली आहे. मनूनें चोर, पाणी व अग्नि यांचा अपवाद ठेविला. येथें तो अपवाद नाहीं. ज्यास निवडीचें स्वातंत्र्य नाहीं त्याच्या ठेवीस अधिक कवच हवें, हें तत्त्व येथें स्पष्ट दिसतें. मुजुमदार-फडणिसांची लेखणी सुभेदाराच्या हातांतून काढून घेण्याची जी युक्ति, तीच येथें कामगार-विश्वस्त आणि बाहेरचा हिशेबतपासनीस यांच्या रूपानें आली.

इतकें असूनही एक पळवाट राहिली होती. पगारांतून कापलेला पैसा मालकानें भरलाच नाहीं, तर तें थकलेलें कर्ज कीं गिळलेली ठेव? १९७३ च्या दुरुस्तीनें याचा निकाल लावला. दंडविधानाच्या ४०५ व्या कलमास स्पष्टीकरण जोडून असें ठरविलें कीं, कामगाराच्या पगारांतून फंडाची वर्गणी कापणाऱ्या मालकाकडे ती रक्कम विश्वासानें सोंपविलेली आहे असें समजावें, आणि ती न भरल्यास त्यानें अप्रामाणिकपणें तिचा उपयोग केला असें समजावें. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली, तींतही ३१६ व्या कलमांत हें स्पष्टीकरण कायम आहे. एवंच, जें वेतन कापलें तें कापल्या क्षणींच निक्षेप झालें. सहावें व्यवहारपद दुसऱ्यांत येऊन मिळालें.

(६) चिठ्ठीचा काळ कसा ओळखावा

संग्राहकांच्या उपयोगासाठीं या चिठ्ठ्यांची परीक्षा कशी करावी तें थोडक्यांत सांगतों. मोडी कागदाचा काळ आपण शुहूर सन, शिक्का व हस्ताक्षर यांवरून ठरवितों. या कागदांतही तशीं गमकें आहेत.

पहिलें गमक नाण्याचें. रकमा रुपये, आणे व पै यांत असतील तर चिठ्ठी १ एप्रिल १९५७ पूर्वींच्या हिशेबाची. त्यानंतर नये पैसे येतात. दुसरें गमक दराचें. पट्टीवरील पगाराशीं कापलेल्या रकमेचें प्रमाण काढावें: रुपयामागें एक आणा असेल तर पहिल्या अमदानीचें, १९६३ पासून हळूहळू निरनिराळ्या धंद्यांस आठ टक्के लागूं लागले, १९९७ सालीं दर दहावरून बारावर गेला. तिसरें गमक सदरांचें. आरंभीं कामगाराचा हिस्सा व मालकाचा हिस्सा अशीं दोनच सदरें असत. १९७१ पासून कुटुंब-पेन्शनची योजना आली व तिसरें सदर दिसूं लागलें. १६ नोव्हेंबर १९९५ पासून पेन्शनची नवी योजना सुरू झाली व मालकाच्या हिश्श्यांतील सव्वाआठ टक्क्यांहून किंचित् अधिक भाग, म्हणजे पगाराचा बारावा अंश, तिकडे वळला. चौथें गमक व्याजाचें. १९५२-५३ सालीं तें तीन टक्के होतें. १९८९-९० पासून १९९९-२००० पर्यंत बारा टक्के राहिलें. तारीख फाटून गेलेल्या चिठ्ठीचें वर्षही या चार गमकांच्या मेळानें बहुधा पांच-सात वर्षांच्या आंत आणतां येतें.

पगाराच्या पट्टीवांचून चिठ्ठी अपुरी, व चिठ्ठीवांचून पट्टी मुकी, हें मात्र विसरूं नये. चिठ्ठी सांगते काय पोंचलें. पट्टी सांगते काय निघालें. दोहोंमधील अंतर हाच इतिहास.

(७) अकरा महिने

आतां त्या अकरा महिन्यांकडे वळूं. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर गिरणगांवची घडी विस्कटली हें सर्वश्रुत आहे. ज्या गिरण्या पुन्हा चालूं लागल्या त्यांतील कित्येक धापा टाकीतच चालल्या. आमच्या विद्यार्थ्याचे वडील पुन्हा कामावर लागले, त्यांनीं कांहीं वर्षें काढलीं, आणि निवृत्तीस थोडा अवकाश असतां ते वारले.

आई अक्षरशत्रु होती. नवऱ्यानें दर महिन्यास पट्टी आणून दिली कीं ती दोऱ्यांत ओवावयाची, एवढेंच तिला ठाऊक. वारस म्हणून तिचें नांव लागलेलें होतें. तिनें वीस नंबरच्या नमुन्यांत मागणी केली. जी रक्कम आली तींत अकरा महिने नव्हते. युनियनच्या कचेरींतील एका कार्यकर्त्यानें चिठ्ठी व पट्ट्या जुळवून ही गोष्ट तिला दाखविली. मग तिनें वांद्र्याच्या भविष्य निधि भवनाच्या किती खेपा घातल्या हें मुलासही मोजतां आलें नाहीं. शिवडीहून लोकल, गाडी बदलणें, रांग, "उद्यां या", आणि पुन्हा शिवडी. चौकशींत गिरणीच्या वतीनें पगारपत्रकें सांपडत नाहींत असें सांगण्यांत आलें. तेव्हां तिनें पिशवींतून दोऱ्यांत ओवलेल्या पट्ट्या काढून टेबलावर ठेविल्या.

पिशवींतील सर्वांत शेवटचा कागद त्या चौकशीनंतर मिळालेल्या रकमेची सूचना हा आहे. नवऱ्याच्या मृत्यूला तेव्हां तीन वर्षें होऊन गेलीं होतीं. रक्कम आजच्या मानानें अगदींच किरकोळ; परंतु त्या कागदाची घडी इतक्या वेळां उघडलेली व मिटलेली आहे कीं तो मधोमध विरला आहे.

यावरून आम्ही एक निष्कर्ष काढितों. कायदा उत्तम होता, कलमें पुरेशीं होतीं, इन्स्पेक्टर होते, दंड होता. तरी त्या प्रसंगीं खरी हिशेबतपासणी केली ती एका निरक्षर बाईच्या दोऱ्यानें. मालकाचें दप्तर गहाळ होऊं शकतें. म्हणून ज्याची ठेव त्याच्या घरींही दप्तर असावें लागतें. पेशवाईंत ज्या घराण्यांनीं आपल्या सनदा जपल्या त्यांचींच वतनें इनाम कमिशनपुढें टिकलीं, ही गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. शिवडीच्या त्या खोलींतील पिशवी हें त्याच जातीचें दप्तर होय.

आतां हे कागद नव्यानें निर्माण होणें थांबलें आहे. फंडाचीं खातीं संगणकावर गेलीं. २०१४ पासून प्रत्येक सभासदास एकच कायमचा क्रमांक मिळतो व जमा झालेली रक्कम त्यास घरबसल्या पाहतां येते. ही सोय मोठी आहे, आणि त्या बाईस ती मिळती तर तिच्या वांद्र्याच्या खेपा वांचल्या असत्या. परंतु १९५२ पासून पुढच्या साठ वर्षांचा जो इतिहास कागदावर आहे, तो चाळी रिकाम्या होतांना रद्दींत जात आहे. गिरणीमालकांच्या वह्या, वार्षिक अहवाल व खटल्यांचे निकाल कोठें ना कोठें राहतील. कामगाराच्या बाजूचा पुरावा मात्र फळीवरच्या पिशवींतच आहे.

यास्तव आमची वाचकांस विनंती आहे. आपण पोथ्यांच्या व मोडी रुमालांच्या शोधार्थ वाड्यांचीं माळें धुंडाळतों. त्यांतला एखादा दिवस शिवडी, लालबाग, परळ, नायगांव येथील चाळींस द्यावा. फंडाची चिठ्ठी दिसली तर तिच्याबरोबरची पगाराची पट्टीही मागून घ्यावी, व दोर तोडूं नये. पट्ट्यांचा क्रम हाही पुराव्याचा भाग आहे. मालकीणबाई हयात असतील तर मूळ कागद त्यांच्याकडेच ठेवून नक्कल करून घ्यावी, कारण न जाणो, त्यांची एखादी मागणी अजून बाकी असेल. आमच्याकडील पिशवी विद्यार्थ्याच्या संमतीनें, नांवें झांकून, अभ्यासकांस पाहण्यास मिळेल अशी व्यवस्था आम्ही करीत आहों.